टेबलक्लॉथवरच्या रेघा

बँकेने मेजवानी दिली आहे. युद्धावरून परतलेल्या आपल्या अधिकाऱ्याचा सत्कार आहे. सत्कारमूर्ती अ‍ॅल स्टीव्हनसन मानाच्या टेबलाशी बसला आहे आणि त्याचा पेला काही रिकामा राहत नाही. त्याच्याबरोबर आलेली त्याची बायको मिली सगळ्यांकडे पाहून प्रसन्न हसते आहे. पण तिच्या हातात जेवणाचा काटा आहे आणि त्या काट्याने ती टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर रेघा ओढते आहे. नवऱ्याने एक पेला संपवला की एक रेघ. दुसरा संपवला की दुसरी. ती त्याला अडवत नाही, डोळे वटारत नाही. नुसती मोजते.

ज्या घरात पिणारं माणूस आहे, त्या घरातल्या बाईला या रेघांचा अर्थ सांगावा लागत नाही. कुणी बाटलीच्या लेबलावर पेन्सिलीने खूण करून ठेवते, कुणी रात्री फाटकाची कडी वाजली की पावलांचा आवाज ऐकून अंदाज बांधते. मोजल्याने पिणं कमी होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं. तरी ती मोजते, कारण तेवढंच तिच्या हातात उरलेलं असतं.

विल्यम वायलरच्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ या १९४६ सालच्या चित्रपटातला हा प्रसंग पडद्यावर काही क्षणांचा आहे आणि प्रेक्षागृहात त्याला हशा मिळतो. युद्धातून परतलेल्या तीन माणसांची गोष्ट म्हणून हा जवळजवळ तीन तासांचा चित्रपट जगभर नावाजला गेला. त्यातलं प्रेम, बेकारी, अपंगत्व यांवर भरपूर लिहिलं गेलं. मला मात्र तो दर वेळी या रेघांपासून वाचावासा वाटतो. तसा वाचला की त्यातून वाहणारी दारूची धार दिसू लागते, आणि त्या धारेच्या काठावर उभं राहून इतरांना सावरणारा, दोन्ही हात गमावलेला एक तरुणही दिसू लागतो.

गोष्ट साधी आहे. अ‍ॅल पायदळातला सार्जंट, युद्धापूर्वी बँकेत मोठ्या हुद्द्यावर. फ्रेड डेरी बॉम्बफेकी विमानातला कॅप्टन, छातीवर पदकं. पण युद्धापूर्वी औषधांच्या दुकानात सोडा आणि आइसक्रीम विकणारा पोरगा. होमर पॅरिश नौदलातला खलाशी, शाळेत असताना फुटबॉलचा खेळाडू. तिघं बून सिटी या एकाच गावचे. हे गाव काल्पनिक आहे. गावात असताना तिघांची ओळखसुद्धा नव्हती. ती होते परतीच्या विमानात, बॉम्बरच्या काचेच्या नाकाडात आडवंतिडवं पडून प्रवास करताना. होमरचं जहाज बुडालं, त्यात त्याचे हात गेले, आणि आता मनगटांच्या जागी पोलादी आकडे आहेत. त्या आकड्यांनी तो काडी ओढतो आणि बाकीच्या दोघांच्या सिगारेटी पेटवून देतो.

ही काडी पेटते तेव्हाच चित्रपटाचा सूर लागतो. दोघं धडधाकट पुरुष आणि एक हात नसलेला पोरगा. विस्तव कोण कुणाला देतो? होमरला इथे कुणाची मदत नको असते, हे तर खरंच. पण कॅमेरा त्याच्या कौशल्याचं प्रदर्शन मांडत नाही. दोघांचे चेहरेही चौकटीत आहेत. क्षणभर दोघं अवघडतात आणि मग सिगारेट पुढे करतात. घेणाऱ्याने घेणं शिकावं लागतं, हे वायलर एका काडीत सांगून जातो.

होमरची भूमिका करणारा हॅरॉल्ड रसेल नट नव्हता. कॅनडात १९१४ साली जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला हा माणूस लष्करात स्फोटकांचं प्रशिक्षण देत असे. ६ जून १९४४, म्हणजे ज्या दिवशी दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं त्याच दिवशी, नॉर्थ कॅरोलायनातल्या छावणीत सदोष फ्यूजमुळे स्फोटकं त्याच्या हातात उडाली आणि दोन्ही हात गेले. रणभूमी त्याने पाहिलीच नव्हती. पडद्यावरचा होमरही सांगतो की बोटीच्या पोटात कामाला असल्यामुळे आपण शत्रू कधी पाहिला नाही. वीरकथेची झूल अंगावर न घेतलेला जखमी सैनिक असा दोन्हीकडे सारखाच आहे. रसेलचे हात गेले त्याच १९४४ साली आपल्या पुण्यात सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. त्या वर्षी जगाला लाकडाचे पाय आणि पोलादाचे हात किती लागत होते, याची त्यावरून कल्पना यावी.

इस्पितळात पडून असताना रसेलला एक माहितीपट दाखवण्यात आला. पहिल्या महायुद्धात दोन्ही हात गमावलेला मॅक्गॉनिगल नावाचा माजी सैनिक आकड्यांच्या साहाय्याने आपले रोजचे व्यवहार कसे करतो, हे त्यात होतं. डॉक्टरांच्या शब्दांपेक्षा त्या अनोळखी माणसाच्या हालचालींनी रसेलला उभारी दिली. त्याने आकडे निवडले आणि ते इतके सफाईने वापरले की लष्कराने त्याच्यावरच ‘डायरी ऑफ अ सार्जंट’ हा माहितीपट काढला. वायलरने तो पाहिला. मॅकिन्ले कॅन्टरच्या ज्या पद्यबद्ध कादंबरिकेवर चित्रपट बेतला आहे, तिच्यात होमरच्या मेंदूला इजा झालेली होती. रसेलला पाहिल्यावर वायलर आणि पटकथाकार रॉबर्ट शेरवुड यांनी होमर बदलला. एका जखमी माणसाला पाहून दुसरा उभा राहिला, त्याला पाहून एका महत्त्वाच्या कलाकृतीची दिशा ठरली. या साखळीतले बाकीचे दोघेही कोरडे नव्हते. शेरवुड पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यातून लढताना जखमी झाला होता. वायलर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांतून चित्रण करत होता, आणि विमानाच्या घरघराटात त्याची ऐकण्याची शक्ती बरीचशी गेली. हा चित्रपट घाव सोसलेल्यांनी घाव सोसलेल्यांविषयी केलेला आहे. त्यात दयेचा चिकटपणा कुठेच नाही, याचं कारण मला तिथे दिसतं.

आता दारूकडे येऊ. विमानतळावरून टॅक्सी तिघांना घेऊन गावात शिरते, तेव्हा होमरच्या काकाचा, बुचचा, बार दिसतो. आधी तिथे उतरून एकेक पेला घेऊ, असं सुचवतो कोण? होमर. घर समोर आल्यावर त्याचे पाय मागे ओढतात. बाकीचे दोघं त्याला घरीच उतरवतात. शेजारची विल्मा धावत येऊन त्याला मिठी मारते आणि तो हात खाली सोडून ताठ उभा राहतो. आईला आकडे दिसतात आणि तिचा हुंदका बाहेर पडतो. टॅक्सीत बसलेले दोघं हे काचेतून पाहतात. आपल्याही घरी असंच काही असणार, हे त्यांना कळतं. आपल्यालाही.

अ‍ॅलच्या घरचं स्वागत चित्रपटाच्या इतिहासात अजरामर झालं आहे. दार उघडणाऱ्या मुलाच्या तोंडावर तो हात ठेवतो, मुलीला गप्प राहायची खूण करतो. आतून मिलीचा आवाज येतो, कोण आलंय? उत्तर येत नाही. त्या न आलेल्या उत्तरातच तिला कळतं. लांब बोळाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो. असं स्वागत झाल्यावर माणसाला आणखी काय हवं? पण तासाभरात अ‍ॅल अस्वस्थ होतो. मुलं मोठी झाली आहेत, घर त्याच्यावाचून चालायला शिकलं आहे, खुर्ची तीच पण बसता येत नाही. मग तो बायकोला आणि मुलीला घेऊन बाहेर पडतो, या क्लबातून त्या क्लबात, या पेल्यावरून त्या पेल्यावर.

आणि वायलर त्या रात्री तिघांनाही बुचच्या बारमध्ये आणून सोडतो. फ्रेडला बायकोचा पत्ता लागलेला नाही. होमरला घरातल्या दिवाणखान्यात सगळ्यांच्या नजरा सहन झालेल्या नाहीत. त्याच्या आकड्यांतून पेला निसटला आहे. तिघं कुठून कुठून फिरून एकाच उंबऱ्यावर भेटतात. हा योगायोग वाटत नाही, कारण सैन्यातून आलेल्या माणसाला ‘आपली माणसं’ म्हणून जी टोळी ठाऊक असते, ती त्याला आता फक्त इथेच सापडणार आहे. दारू या चित्रपटात व्यसन म्हणून दारातून आत येत नाही. ती सोबत म्हणून येते. सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या गावांत घरटी एक फौजी असतो, तिथल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पेन्शनीवर आलेला जवान कॅन्टीनच्या कोट्याची बाटली उघडतो ती बहुधा दुसरा फौजी शेजारी बसला असताना. त्याला हवी असते त्या शेजारच्याची साथ. बाटली हे तिचं निमित्त, आणि पुढे निमित्तच मालक होऊन बसतं.

त्या रात्री झिंगलेल्या फ्रेडला अ‍ॅलच्याच घरी आणलं जातं. अ‍ॅलची मुलगी पेगी त्याला आपली खोली देते. झालरींच्या पलंगावर झोपलेला कॅप्टन मध्यरात्री किंचाळत उठतो, पेटलेल्या विमानातून सोबत्याला उडी मारायला सांगत. पेगी येऊन त्याचा घाम पुसते, डोळ्यांवर हात ठेवते. दारूने शरीर झोपलं होतं, आत जे चाललं होतं ते झोपलं नव्हतं. १९४६ साली या आजाराला आजचं नाव मिळालेलं नव्हतं. नाव नसलेल्या दुखण्यावर माणूस जे औषध स्वतःच शोधतो ते कोणतं, हे वायलर न बोलता दाखवतो. सकाळी अ‍ॅल जड डोक्याने आरशासमोर उभा राहतो आणि आपला जुना फोटो शेजारी धरून चेहरा ताडून पाहतो. फोटोतला माणूस परत आलेला नाही.

मद्यपी माणसावरचा बिली वाइल्डरचा ‘द लॉस्ट वीकेंड’ हा चित्रपट आदल्याच वर्षी आला होता आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं होतं. त्यात बाटली लपवणं, गहाण टाकणं, भास होणं सगळं आहे. वायलरने त्या वाटेने न जाता अवघड वाट धरली. त्याचा अ‍ॅल कुठेही कोसळत नाही. तो नोकरी करतो, बायकोवर प्रेम करतो, विनोद करतो. म्हणूनच रेघा ओढाव्या लागतात. कोसळलेल्याला जग पाहतं. न कोसळलेल्याला फक्त त्याची बायको पाहते. फ्रेड्रिक मार्चने हे पिणं फार बारकाईने केलं आहे. शब्द अडखळू नये म्हणून तो एकेक शब्द जरा जास्तच नीट उच्चारतो. मिली झालेल्या मर्ना लॉयचं काम त्याहून अवघड होतं. तिला काही करायचंच नव्हतं, आणि ते न करण्यात तिने विस्कळीत संसार सांधून धरणाऱ्या बाईचं सगळं आयुष्य उभं केलं.

रेघांच्या त्या प्रसंगाचा शेवट पाहण्यासारखा आहे. अ‍ॅल भाषणाला उभा राहतो. मिलीचा श्वास अडकतो, आपलाही. तो सैन्यातली एक गोष्ट सांगतो: टेकडी काबीज करण्याचा हुकूम आला, तर आधी तारण दाखवा असं म्हणून चालतं का? आणि मग बँकेच्या मालकांसमोर जाहीर करतो की ज्या सैनिकांकडे तारण नाही त्यांनाही आपण कर्ज देणार आहोत. याचं मूळ आधीच्या एका दृश्यात आहे. शेतजमिनीसाठी कर्ज मागायला आलेला एक माजी सैनिक अ‍ॅलसमोर बसला आहे, आणि नियम आड येत आहेत. तेवढ्यात होमर बँकेत येतो. त्याला भेटून परतलेला अ‍ॅल कर्ज मंजूर करतो. होमरने शिफारस केलेली नाही. त्याचं तिथे असणंच पुरेसं झालं. रेघा ओढून अ‍ॅल शुद्धीवर आला नसता. त्याला पेल्यातून वर काढलं ते दुसऱ्या सैनिकाच्या गरजेने. कुणाच्या तरी उपयोगी पडण्याची जागा मिळाली की माणूस ताठ उभा राहतो, असं हे दृश्य म्हणतं.

छायालेखक ग्रेग टोलंडने जवळचं आणि दूरचं एकाच वेळी स्पष्ट दिसेल असं चित्रण या चित्रपटात केलं. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँने १९४८ साली ज्यावर लिहिलं ते दृश्य याच पद्धतीचं. बुचच्या बारमध्ये पुढे पिआनोवर होमर आणि बुच बसले आहेत. होमर आकड्यांनी सूर वाजवतो आहे. अ‍ॅल पिआनोला टेकून ऐकतो आहे. आणि दूर मागे, टेलिफोनच्या छोट्या खोक्यात, फ्रेड, ज्या पेगीच्या तो प्रेमात पडला आहे तिला, फोन करून संबंध तोडतो आहे, कारण अ‍ॅलनेच त्याला तसं करायला सांगितलं आहे. फ्रेडचा आवाज आपल्यापर्यंत येत नाही. बाझँला यात प्रेक्षकाचं स्वातंत्र्य दिसलं: काय पाहायचं ते आपण ठरवायचं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. या चौकटीत तिघं सैनिक आहेत, एकाने दुसऱ्याला नुकतंच दुखावलं आहे, आणि ते वातावरण ज्याच्या सुरांनी धरून ठेवलं आहे तो तिसरा, हात नसलेला. इतका वेळ त्याच बारमध्ये ते प्यायले. आता त्याच जागी पेल्याऐवजी पिआनो मध्यभागी आला आहे. तोच बार, तीच माणसं, पण मधली वस्तू बदलली.

होमर इतरांना सावरतो म्हणून तो देवमाणूस ठरत नाही. खिडकीतून डोकावणाऱ्या पोरांवर संतापून तो आकड्यांनी काच फोडतो. विल्माला टाळतो. मग एका रात्री तो तिला आपल्या खोलीत नेतो आणि आकड्यांचा सगळा पट्टा उतरवून दाखवतो. आता दार बंद झालं तर मला उघडता येणार नाही, मी तान्ह्या मुलासारखा परावलंबी आहे, असं तो तिला शांतपणे सांगतो. हे सांगणारा होमर आहे की रसेल? निर्माता गोल्डविनने त्याला अभिनयाच्या शिकवणीला पाठवलं होतं आणि वायलरने ती थांबवली. इथे त्याचं कारण कळतं. शिकलेला नट या जागी आवाज कापरा करील. रसेल आपली रोजची रात्र सांगतो आहे. विल्मा त्याच्या पायजम्याच्या सदऱ्याची बटणं लावते, पांघरूण घालते. ती गेल्यावर त्याच्या डोळ्यातून पाणी येतं आणि ते पुसायला त्याच्याकडे हात नाहीत.

विल्मापर्यंत त्याला पोचवलं कुणी? फ्रेडने. होमरचे हात फुकट गेले असं हिणवणाऱ्या माणसाला फ्रेडने ठोसा मारला, त्यात नोकरी गेली, आणि रस्त्यावर आल्या आल्या त्याने होमरला बजावलं की जा आणि त्या मुलीला मागणी घाल. ज्याचा स्वतःचा संसार मोडतो आहे तो दुसऱ्याचा मांडून देतो. मग तोच फ्रेड भंगारात काढलेल्या विमानांच्या मैदानात एका बॉम्बरच्या नाकाडात जाऊन बसतो. इंजिनं नाहीत, तरी ह्यूगो फ्रीडहॉफरच्या संगीतातून ती एकेक करून धडधडू लागतात. त्याच्या कपाळावर घाम येतो. त्याला त्यातून बाहेर बोलावतो तो तिथला मुकादम, आणि त्याच्याकडे काम असतं: या विमानांच्या पत्र्यातून घरं बांधायची.

शेवट होमरच्या लग्नात आहे. आकड्याच्या चिमटीत अंगठी धरून तो विल्माच्या बोटात घालतो. घरातली सगळी माणसं श्वास रोखून ते पाहतात. फ्रेड त्याचा पाठराखा म्हणून उभा आहे आणि दूर पेगी. अ‍ॅलने दारू सोडली असं चित्रपट सांगत नाही. काहींना हा दोष वाटेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. तीन तासांत माणसाची दारू सुटत नसते. चित्रपट फक्त सुटण्याची दिशा दाखवतो.

ती दिशा त्या काळी शोधली गेली होती. १९३५ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन नावाच्या माणसाला पिण्याची अनावर हुक्की आली. हा पहिल्या महायुद्धातला लष्करी अधिकारी. दारूची ओळख त्याला सैन्यातल्या दिवसांत झाली होती. त्या संध्याकाळी त्याने बारऐवजी दुसऱ्या मद्यपीला शोधायचं ठरवलं. तो दुसरा, डॉक्टर बॉब, भेटला आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली. तिचं मर्म एवढंच की पिणाऱ्याला पिणारा समजतो, आणि दुसऱ्याला सावरताना सावरणारा स्वतः वाचतो. पुण्यात १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं, तिथेही व्यसनातून बाहेर आलेली माणसं नव्याने आलेल्यांच्या शेजारी बसतात. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधल्या सुधाकराला तळीरामाचं आर्यमदिरामंडळ मिळालं आणि रामलालसारखा सज्जन मित्रही मिळाला. पण त्या वाटेने जाऊन परत आलेला कुणी मिळाला नाही. बुडवणारी सोबत आहे, तारणारी नाही. त्याच्या बायकोने, सिंधूने, कितीही सोसलं तरी ती उणीव भरून निघणार नव्हती, जशी मिलीच्या रेघांनी भरून निघत नाही.

या चित्रपटाला स्पर्धेतली सात ऑस्कर मिळाली. रसेलला एकाच भूमिकेसाठी दोन पुतळे मिळाले. एक सहायक अभिनेत्याचा. दुसरा खास दिलेला, आपल्या माजी सैनिक बांधवांना आशा आणि धैर्य दिल्याबद्दल. एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळालेला तो एकमेव माणूस. त्यानंतर वायलरच्या सल्ल्याने तो कॉलेजात परत गेला. पुढे माजी सैनिकांच्या ‘अ‍ॅमव्हेट्स’ या संघटनेचा राष्ट्रीय प्रमुख झाला, आणि १९६४ पासून अपंगांच्या रोजगारासाठी नेमलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या समितीचं अध्यक्षपद त्याने अनेक वर्षं सांभाळलं. मॅक्गॉनिगलकडून जे घेतलं ते त्याने आयुष्यभर पुढे दिलं.

हा चित्रपट जरूर पाहा, आणि रेघांच्या त्या प्रसंगाशी थोडं थांबा. तुमच्या घरात कुणी अशा रेघा ओढत असेल, तर तिला सांगा की मोजणं पुरे. त्याच वाटेने जाऊन परत आलेला एखादा माणूस शोधा आणि त्याला घरी बोलवा.